ब्रिगिताची जागा

मोनहन, आयर्लंड
१२ मार्च २००६, रविवार

प्रिय इंगूना,

तुला आणि आईला खूप प्रेम. आईचा खोकला कमी झाला का? आपल्या माडोनात अजून बर्फ असेल, इथे नुसता चिखल आहे. मी बरी आहे. जेवते-खाते, अळंबी खुडते.

तुझा फोन आल्यापासून मला काही सुचत नाहीये. एवाल्ड्स एजंटने तुला माझ्याच अळंबीच्या शेडमध्ये जागा मिळवली, तू बालवाडीची नोकरी सोडणार, ईस्टरनंतर आपण दोघी एका खोलीत. तू इतकी खुशीत होतीस की माझ्या तोंडून 'ये ये' एवढंच निघालं. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

ती जागा ब्रिगिताची आहे. तीच ती लिएपायाची, सगळ्यांची फिरकी घेणारी. कंटाळून घरी गेली, असं एवाल्ड्सने तुला सांगितलं असेल. ती कुठेही गेलेली नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर मनगटाला प्लास्टर घालून पडली आहे.

सुरुवात माझ्या नामदिनापासून झाली, आपल्या कॅलेंडरवर विझ्मा हे नाव येतं त्या दिवसापासून. मी मांस-कांदा भरून तबकभर पिरागी भाजले आणि कॅन्टीनमध्ये इथल्या आयरिश लोकांच्या टेबलावर नेऊन ठेवले. आपलं लॅटव्हियावाल्यांचं टेबल वेगळं असतं, दाराजवळ, वाऱ्यात. बोलावलं मात्र कुणालाच नाही. नामदिनाला बोलवायचं कशाला, ज्याला आठवण असते तो येतो, हेच आपण लहानपणापासून पाहत आलो ना? इथल्या कॅलेंडरवर माणसांची नावंच नसतात, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मी एप्रन बदलून, केस विंचरून वाट बघत बसले. कुणी हात लावला नाही. एकीने तबक कोपराने बाजूला सारून आपला डबा उघडला.

मग डेक्लन आला, आमचा मुकादम. "ए लॅटव्हिया, हे काय मांडलंयस? कुणाला बोलावलंय?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

"मग उचल. हे टेबल तुमचं नाही."

मी उचलायला लागले. ब्रिगिताला राहवलं नाही. "आमच्याकडे बोलवत नाहीत, साहेब," ती म्हणाली. "माणूस असेल तो आपणहून येतो."

मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

इथे अळंबीचे वाफे मांडणीसारखे एकावर एक असतात; दुसऱ्या दिवसापासून डेक्लनने ब्रिगिताला सगळ्यात वरचे दिले. खालचे सोपे वाफे इथल्या बायकांना, चांगल्या ट्रॉल्याही त्यांनाच. ज्यावर चढून वरचे वाफे खुडतात त्या तिच्या ट्रॉलीचा ब्रेक लागत नव्हता. तिने सांगितलं, मीही सांगितलं. "तुम्ही उंच लोक, तुम्हाला काय त्याचं?" डेक्लन म्हणाला. चौथ्या दिवशी ट्रॉली सरकली आणि ती वरून खाली सिमेंटवर आली. मालक म्हणतात, ती एजंटची माणूस. एजंट म्हणतो, तिच्याच चुकीने पडली. आता तिला जेवताना पाव मी कापून देते. ती म्हणते, "बघ, शेवटी मला मोलकरीण मिळाली." मग भिंतीकडे तोंड करून झोपते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. परवा, तुझा फोन येण्याच्या आधी, एवाल्ड्स आला होता. म्हणाला, "बहिणीला सांग, इथे छान आहे. ती आली तर तुला खाली पॅकिंगला बसवतो. नाही आली, तर ब्रिगिताचे वाफे तुझे." इंगूना, माझे गुडघे गेलेत गं. मला खाली बसायचंय. तू फोनवर बोलत होतीस तेव्हा मी 'ये' म्हटलं ते तुझ्या आनंदासाठी म्हटलं, असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं. ते खरं नाही.

येऊ नकोस. राजीनामा दिला असशील तर हे पत्र मिळताच बालवाडीच्या बाईंकडे जा, हात जोड, माझं नाव सांग, पण परत घे. मी इथेच राहणार आहे. ब्रिगिताचं प्लास्टर निघेपर्यंत तिला एकटीला टाकून कशी येऊ? त्यानंतरचं मलाही ठाऊक नाही.

एवाल्ड्सला मी कळवलंय की तू येत नाहीस. उद्या सकाळपासून मी वरच्या वाफ्यांवर आहे.

तुझी थोरली,
विझ्मा