पायाचा अंगठा

अकोला, ६ जानेवारी २०२५

ती. श्यामदादा यांस,
शि. सा. न. वि. वि. (कागदावरच हं. समोर असता तर वाकलो नसतो.)

तू माझा नंबर ब्लॉक करून टाकला, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. काल बाबाले फोन लावला तर सीमावहिनीनं उचलला. म्हणे रात्री आठनंतर घरातले सगळे फोन कपाटात, बाबाचाही. अरे, सत्तरीच्या माणसाले तू तुझ्या त्या ‘यशाच्या सवयी’ क्लासमधी भरती करून घेतलं काय? साडेचारचा गजर, तांब्याचं पाणी, ध्यान, वाचन. गिला वडा बंद, तंबाखूचा खर्रा बंद. खर्रा बंद केला ते बरं केलं. बाकीचं काहून? वहिनी सांगत होत्या, बाबा आता बोलतच नाहीत, नुसते गॅलरीत बसून रायतात.

आई होती तेव्हा धामणगावले हेच बाबा आख्खी गल्ली उठवत. रात्री लोक सांगून जात, नत्थुभाऊ, उद्या उठवजा. कोणाले जिनिंगची पाळी, कोणाले पहिली पॅसेंजर. बाबा हाक मारत नसत, पायाचा अंगठा ओढत. त्यांच्या मागं एक कानतुटका कुत्रा फिरे, आठवते? त्याचं नाव दोन दिवस झाले, मले आठवूनच नाही रायलं. काळा होता. नाही, तपकिरी.

असो. बाबाले माझ्याकडे पाठव. दाल मिलजवळ खोली घेतली आहे. तू त्यायले मारून टाकशीन शिस्तीनं.

तुझ्या लोभावाचून ठीक असलेला,
विपुल

अमरावती, १० जानेवारी २०२५

चि. विपुल यास,
अ. उ. आ. (सवयीने लिहिले आहेत, मनापासून नाही.)

बापाबद्दल लिहायला बसलास आणि कुत्र्यावर घसरलास. तुझं सगळं आयुष्य असंच. सेमाडोहला जंगल सफारीची जिप्सी चालवायला म्हणून गेलास, चिखलदऱ्याला कॉफीच्या मळ्यात रमलास, तिथून मध विकत फिरलास. आता डाळ. आई दवाखान्यात होती तेव्हा निघालोच म्हणाला होतास. उगवलास तेव्हा आम्ही स्मशानातून परत आलो होतो. वाटेत कुठे रमला होतास ते मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

माझ्या क्लासला हसतोस तर हस. आई गेल्यावर मी त्या सवयींना धरूनच उभा राहिलो. धरायला भाऊ नव्हता. बाबांची रक्तदाबाची गोळी सकाळी सहाला असते. ती तू देणार? नऊपर्यंत घोरणारा माणूस?

तरी एक संधी देतो, कारण बाबांनीच तुझं नाव काढलं. १९ तारखेच्या रविवारी सकाळी आठच्या आत बडनेरा स्टेशनवर ये. बाबा पिशवी भरून बसलेले असतील. आलास तर महिनाभर ने. नाही आलास तर पुन्हा त्यांचं नाव घेऊ नकोस. जन्मात एकदा वेळेवर पोचून दाखव.

लोभ कमावशील तेव्हा मिळेल.
श्याम

अकोला, २१ जानेवारी २०२५

श्यामदादा,
नमस्कार यावेळी राहू दे.

परवा फोनवर तू बाबाले जे बोलला, ते शेजारच्या आशाबाईनंही ऐकलं. आता माझं ऐक. मी उठलो होतो. अंधारात आंघोळ करून पहिली गाडी धरली. मूर्तिजापूरले डब्यात बसलेले दोघं उतरले, ते बैलायचा शंकरपट पाहाले चालले होते. असे बैल म्हणे वऱ्हाडात नाहीत. मनात आलं, एक जोडी सुटताना पाहतो आणि मागची गाडी धरतो. दादा, ती पांढरी जोडी काय पळाली! धूळसुद्धा मागं रायली. मग भान आलं तेव्हा उन्हं डोक्यावर होती.

मले माहीत आहे बाबा बडनेऱ्याच्या बाकावर बसून होते. मले माहीत आहे तू तिथी येऊन, घ्या तुमचा लाडका, असं म्हणून रागानं निघून गेला. पण म्हातारा माणूस एकटा सोडून जाणारा तू मले सवयी शिकवू नोको. ते आपल्या मनानं गाडीत बसले, पत्ता विचारत आले. मी बडनेऱ्याहून दिवेलागणीले खोलीवर पोचलो तर पायरीवर बसलेले. आशाबाईनं चहा दिला होता. मले पाहून पिशवी उचलली अन् आत गेले.

आता ते इथीच रायतीन. घ्यायले येऊ नोको.

कोणाचाच लाडका नसलेला,
विपुल

अकोला, २ फेब्रुवारी २०२५

चि. श्याम यास नत्थुजीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या घरी मले दुःख नवतं. सून चांगली, नात आकांक्षा गुणाची. गोळी मी इथंही सहालेच घेतो, त्याची फिकीर नको करू.

पण बापा, तुझ्या घरी साडेचारले प्रत्येक खोलीत गजर वाजते. मी त्याच्या आधीच उठून बसो. वाटे, आता कोणाले तरी उठवू. दार लोटून पाहो तर सगळे आपापले उठलेले. मंग मी गॅलरीत जाऊन बसो. घर माझ्यावाचून जागं होते, तर मी जागं राहून काय करू?

इथं विपुल म्हशीवाणी झोपते. अंगठा ओढला की लाथ मारते, शिवी देते, मंग मी दिसलो की उठते. मिलमधी आता वेळेवर जाते. आशाबाईही रात्री सांगून जाते, भाऊ, उद्या उठवजा.

तुमचं जमन असं मले वाटत नाही. एक कधी झोपत नाही, एक कधी उठत नाही, बोलणं कधी होईन? पण शिव्या मले मधी ठेवून देऊ नका.

त्या कुत्र्याचं नाव जमादार. तांबडा होता.

तुमच्या दोघायचा,
बाबा

अमरावती, १० फेब्रुवारी २०२५

चि. विपुल यास,
आशीर्वाद.

तुझ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तू बेभरवशाचा आहेस, आणि बैलांच्या शेपटीमागे बाप विसरलास हे मी मरेपर्यंत बोलून दाखवीन.

काल मी गजर बंद करून झोपलो. सीमालाही आणि आकांक्षालाही लावू दिला नाही. क्लासची मुलं खाली थांबून परत गेली. आम्हाला जाग आली तेव्हा ऊन पार स्वयंपाकघरात आलं होतं. अंगठा ओढायला कोणी आलं नाही. मी लोळत वाट पाहिली, हे तुला कळवायचं कारण नव्हतं, तरी कळवतो.

बाबांना सांग, येत्या रविवारीही गजर लागणार नाही. शनिवारी संध्याकाळीच या म्हणावं, पहाट चुकायला नको. तू त्यांना अकोल्याला गाडीत बसवून दे. नुसतं बसवून दे. सोबत येऊ नकोस. वाटेत मूर्तिजापूर लागतं.

लोभ बाबांकडे ठेवला आहे, त्यांच्याकडून घे.
श्याम