आप्पांची वामकुक्षी आणि स्कझी कार्ड

१३ ऑक्टो. ९४, धारूर
खंडेनवमी. कॉलेजच्या नव्या कॉम्प्युटरची पूजा. संस्थेचे अध्यक्ष आप्पा, मोंढ्यातले आडते, जातीने हजर. मशीनला हार, कीबोर्डवर झेंडू, इथवर ठीक. मी नारळ आणायला गेलो तेवढ्यात यांनी हार्ड डिस्क जोडणाऱ्या स्कझी कार्डाच्या ड्रायव्हरची फ्लॉपी उचलली, तिचं झाकण सरकवलं आणि आतल्या चकतीवर तीन बोटं विभूती ओढली. ओरडलो, तर म्हणे, "झाकनावर लावून काय उपेग? पिंडीला काय कापडावरून इभूत लावतेत?" धन्य!

१५ ऑक्टो.
फ्लॉपी कामातून गेली. ड्रायव्हर नाही म्हणून मशीन चालवणारं युनिक्स हार्ड डिस्क ओळखत नाही. महिनाअखेर विद्यापीठाचं प्रॅक्टिकल. मशीन बंद असलं तर केंद्र अंबाजोगाईला. बाकीचे एसटीने जातील, मंगल नाही. वर्गात डोकं असलेली ती एकटीच. बाप परवाच सांगून गेला, "गावाभाईर परीक्षा आसंल तर शिक्षन बास. सोयरीक आलेली हाय."
आप्पांच्या कानावर घातलं. "व्हईल हो मास्तर," म्हणाले आणि लॅबमध्येच आडवे झाले. कॉलेजातला एकुलता एसी तिथे. जेवून रोज हजर. चपला मात्र आठवणीने बाहेर, यंत्राला धूळ लागू नये म्हणून.

१९ ऑक्टो.
औरंगाबादला विक्रेत्याला फोन. "बंद करून चालू करा." याचा याला पगार मिळतो! चार शिव्या घातल्यावर दुसरी फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायला तयार झाला.

२२
फ्लॉपी आली. कंडक्टरच्या पेटीत, चिल्लरीखाली. तरी वाचली. ड्रायव्हर घातला, कर्नल म्हणजे युनिक्सचा गाभा नव्याने बांधला, रिबूट. डिस्क नाही. परत. नाही. मॅन्युअल लिहिणाऱ्याने हे मशीन कधी उघडलं तरी होतं का

२४
सापडलं! स्कझी कार्डाचा इंटरप्ट, म्हणजे मशीनला हाक मारायचा नंबर, अकरा; नेटवर्क कार्डाचाही अकराच. हजेरीला दोघांनी एकाच नंबरवर "हजर" म्हणायचं, तर मास्तर ओळखणार कुणाला? कार्डावरची जंपरची पिन दहावर, ड्रायव्हरच्या फायलीत दहा, कर्नल नव्याने. डिस्क घरघरली. मंगल शेजारीच होती. "सर, आली! आली!" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.
तेवढ्यात आप्पा कुशीवर वळले. "लई घरघर करतंय मास्तर हे. दुपारचं बंद ठिवत जा."

२६
वेळापत्रक आलं. प्रॅक्टिकल दुपारी. आप्पा म्हणे, "सकाळी घ्या की." विद्यापीठ काय यांच्या आडतीवर माप टाकतं? समजावलं, तर, "मंग धाडा की अंबाजोगाईला. येवढं काय त्यात?" मंगलचं सांगितलं. जांभई दिली. हलकट माणूस.

२८, दुपार
परीक्षा चालू. मंगलची पाळी. परीक्षकांनी मला बाहेर बसवलंय, दार उघडंच आहे.
आत्ता आप्पा आले. काखेत उशी. चपला काढल्या, आत गेले आणि सरळ मेन स्विचकडे हात. मंगलने उठून बटणावर तळहात धरला. "आप्पा, डिस्कवर लिहिनं चालू हाय. बंद केलं तर सगळं जाईल. बसायचं तर बसा. झोपायला घरी जावा."
परीक्षक चष्म्यावरून बघत राहिले. एवढ्या दिवसांत मला हे जमलं नव्हतं.
आप्पा बाहेर आले, शिपायाला सायकलवर कुठेतरी पिटाळलं. माझ्याच बाकावर बसलेत, उशी मांडीवर. "पोरगी लई शानी झाली. हिच्या बापाला बलावनं धाडलंय."
काय लिहायचं पुढे. आत डिस्क घरघरतेय. मंगलची पाठ दिसतेय, टाइप करतेय. आप्पा फाटकाकडे बघतायत, मीही