चालायचं कुठे

आई, गेल्या महिन्यात आपल्या चाळीमागच्या मैदानाचं कुलूप निघालं. आत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्या हलवताना नाकी नऊ आले. आता संध्याकाळी बायका तिथे फेऱ्या मारतात, कुणी साडीत, कुणी गाऊनवर ओढणी घेऊन. मी पालिकेच्या आरोग्य खात्यात आहे, हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते.

गिरण्यांच्या संपाआधीची तू मला काटक आठवतेस. आपल्या खोलीत गिरणीतल्या माणसांची खाणावळ. पाणी भरणं, बाजार, भाकऱ्या, तुझं बूड कधी टेकायचं नाही. संप लांबला, जेवणारे गावी गेले आणि बाबांनी लालबागच्या नाक्यावर वड्यांची गाडी लावली. तू दिवसभर बसून ब्लाउजांना हुक लावू लागलीस. उरलेले वडे तुला टाकवायचे नाहीत. आम्हाला भात वाढून तू तेच खायचीस, चहाबरोबर. अंगाने सुटलीस, गुडघे धरले, मग साखर निघाली.

अजून डोळ्यांसमोर आहे, दवाखान्यात मी तुझ्या शेजारी उभी आहे. डॉक्टर मान वर न करता म्हणतात, "बाई, तोंडावर ताबा ठेवा. रोज चाला."

"चालू खंय, डॉक्टरांनू? जिन्यात?"

ते हसतात. तू हसत नाहीस. बाहेर आल्यावर मी रडायला लागले, तर मलाच दटावलंस, "गप. त्येंनी आपली खोली बघूक नाय."

यंदा पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लठ्ठपणावर बैठक झाली. एक तरुण अधिकारी म्हणाला, "मॅडम, शाळेसमोरच्या वड्याच्या गाड्या उचला, अर्धं काम होईल."

"आणि त्या गाड्यांवर चालणाऱ्या घरांनी काय खायचं?" मी विचारलं.

त्याने बराच वाद घातला, पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर गाडीवाल्यांकडे आला. मधल्या सुट्टीची उसळ शाळा आता त्यांच्याकडूनच घेते. रस्त्यावरून पालिकेनेच हुसकावलेल्या भाजीवाल्या आता मैदानाच्या दाराशी बसतात, आत दिवे लागलेत. वडे आहेतच, आणि छान असतात. वजनं उतरली का, विचारशील. इतक्यात नाही गं. पण वरच्या मजल्यावरची एक सून म्हणाली, "ताई, घराबाहेर पडायला मिळतं, तेवढंच बरं वाटतं."

परवा माझीही साखर वाढलेली निघाली. यात लाज कसली, असं मी रोज लोकांना सांगते. घरी मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगून टाकलं.