टिन लँटर्न्सचा खरा वेग

२० जानेवारी, मंगळवार. ब्रह्मपुरी

"चंद्रपूर-गडचिरोलीच्या रॉकप्रेमींनो! चाळीस वर्षं झाली, प्रत्येक मांडवात डीजे आपल्या छातीवर नाचतो आणि आपलं एक गाणं कुणी लावत नाही!"

भाषणाची सुरुवात बरी आहे. ‘छातीवर’ ठेवावं.

८ फेब्रुवारीला चाळिसावा टिन लँटर्न्स दिवस. शहाऐंशी साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रावर एक परदेशी पाहुणा आला आणि या बँडची कॅसेट विसरून गेला. तिथं रोजंदारीवर असलेल्या चैतूला ती सापडली. दादाजीकडे टेपरेकॉर्डर होता. माझ्याकडे मतं होती. मंडळ स्थापन झालं.

तिकडे तो बँड कधीच फुटला, चौघांतले दोघे वारले. इकडे अजून दरवर्षी दोनशे माणसं जमतात. चैतू ड्रमवर, दादाजी ऑर्गनवर आणि गाण्याला, मिथुन गिटारवर, मी माईकवर.

गोकुळाला सुरुवात वाचून दाखवली. म्हणाली, "रॉकप्रेमी म्हणजे तेच ना, मांगच्या वर्षी मसालेभात होतवरी थांबले होते?"

बायकोला उत्तर देण्याचं मी नव्वद साली बंद केलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

दादाजीच्या राइस मिलच्या शेडमध्ये सराव. चैतूची मुलगी करिश्मा रजेवर आली आहे – गडचिरोलीला नर्स आहे. तिनं मोबाईलवर आमची अख्खी कॅसेट शोधून काढली. "बाबा, ऐका तं खरं."

ऐकलं.

आम्ही जे गाणं पाच मिनिटं वाजवतो, ते चार मिनिटांच्या आत संपलं! ड्रम नुसता धावत होता. आणि गाणाऱ्याचा आवाज पातळ – थेट दादाजी घरी बोलतो तसा. दादाजीनं चाळीस वर्षं घसा खाली ओढून गायलं आहे.

दादाजी म्हणाला, "मोबाईल बिगडला असन."

"काका, मोबाईल नाई. तुमचा टेप हळू फिरत होता."

चैतू काठ्या पुसत होता.

२४ जानेवारी

तीन जणांचे मोबाईल मागवून ऐकले. तिन्ही बिघडलेले आहेत.

२५ जानेवारी, रविवार

लिहायला हवं, टाळून चालणार नाही. एक्क्याण्णव साली इथल्याच पटांगणावर मी ते भाषण केलं होतं – "जग पळतंय, टिन लँटर्न्स चालतात! संथपणा हेच बंड!" आठ हजार शब्द वाचून, दीड तास बोललो होतो. पुढे तेच भाषण सिंदेवाहीला, वडसाला, अहेरीला. अहेरीला एक माणूस रडला होता. मिथुनच्या आधीचे दोन गिटारवाले मी ‘घाई करतात’ म्हणून काढून टाकले.

आज कळतंय, मी टेपरेकॉर्डरच्या एका ढिल्या रबरी पट्ट्याचं तत्त्वज्ञान सांगत होतो.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर मंडळाची बैठक. चूक झाली तर भर सभेत कबूल करावी, हे मी आयुष्यभर सांगत आलो. उभा राहिलो. म्हणालो, "मूळ ते मूळ! यंदा खऱ्या वेगानं वाजेल. ज्याला पेलत नसेल त्यानं जागा सोडावी – मी असो की आणखी कुणी!"

सगळ्यांत आधी टाळी चैतूनं वाजवली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता उघडत नाहीत, त्यामुळे आवाज कमी आला.

बसल्यावर लक्षात आलं, मी तर काहीच वाजवत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

खऱ्या वेगानं पहिला सराव. चैतूनं पहिलं कडवं पेललं. दुसऱ्यात काठी सुटली. उचलली, पुन्हा सुटली.

मिथुन नाटकांच्या हंगामात वडसाला ड्रमपॅडही वाजवतो. त्यानं हळूच विचारलं, "काका, मी बसून पाहू का?" बसला. सगळं बरोबर वाजलं. एकही चूक नाही.

चैतू म्हणाला, "पोरगा मस्त वाजवते."

दादाजी म्हणाला, "भाऊ, तुमीच मनलं होतं जागा सोडावी. आता तुमीच सांगा त्याले."

४ फेब्रुवारी, बुधवार

चैतूकडे जाऊन आलो. सिंदेवाहीपर्यंत बस, पुढे जंगलात काळी-पिवळी जीप. सोबत शाल आणि नारळ. आदरानं निरोप द्यायचा तर तसाच द्यावा.

बांबूच्या कामट्या काढत बसला होता. मी बोललो. योगदान, परंपरा, नवी पिढी. बारा मिनिटं लागली. त्यानं सगळं ऐकलं. शाल खांद्यावर घेतली.

"बरं झालं भाऊ, थंडी हाये."

मग आत जाऊन ड्रमच्या काठ्या आणल्या. स्वतः घासून केलेल्या, पकडायच्या जागी काळ्या पडलेल्या. "मिथुनले देजा."

त्याची बायको कलाबाई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "यायनं तुमाले कधी सांगतलंच नाई वाट्टे."

"काय?"

"राहू दे वं," चैतू म्हणाला. गाडीवाला हॉर्न देत होता. मी निघालो.

५ फेब्रुवारी

काठ्या मिथुनला दिल्या नाहीत. पिशवीतच आहेत. उद्या देईन.

७ फेब्रुवारी, शनिवार

भाषण पाठ झालं. अकरा मिनिटं. चैतूवर एक परिच्छेद आहे. त्यात ‘माजी’ हा शब्द दोनदा आला आहे.

काठ्या अजून पिशवीत.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारचे दोन

आत्ता कलाबाई दारात येऊन गेली. चैतू थेट मांडवात गेला म्हणे. आत आली नाही. शाल उंबऱ्यावर ठेवली.

"भाऊ, टेप सुधरवाचं काम यायच्याकडेच होतं. एक्क्याण्णवमंदी यायनं नवा पट्टा टाकला. गाणं भरभर आलं. तुमाले सांगाले पटांगणावर धावत गेले, तं तुमी माईकवर संथ-संथ करून राह्यले, लोकं टाळ्या पिटून राह्यले. वापस आले, नवा पट्टा काढला, जुना लावला. मले मनले, भाऊ येवढं बोलले, आता आपण हळूच वाजवू. मंग घरी एकटेच सुपावर भरभर वाजवत. हात होते तोवरी."

मी शाल उचलायला वाकलो.

"हात होते तवा तुमी हळू वाजवाले लावलं. आता हात गेले, तं भरभर पाह्यजे काऊन?"

भाषण फाडलं. अकरा मिनिटांची अकरा पानं होती.

पिशवी घेतली आहे. चार वाजता माईकवर एवढंच –

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रॉकप्रेमींनो, डीजेचं पुढच्या वर्षी पाहू. चैतू, वर ये. या तुझ्या काठ्या. तुला झेपेल त्या वेगानं सुरू कर.