माझ्या दिव्यांवर दुसरं कुणी

सोमवार, ३ तारीख
लागले बाई एकदाची कामाला! आजपासून मी या हॉलची फोटोग्राफर. महिनाभर कच्ची, अठ्ठावीस तारखेच्या निरोप समारंभाचे फोटो मालकांच्या पसंतीस उतरले की पक्की. मालक बोलतात मोजूनमापून. फोटो छापायचं, अल्बम लावायचं काम त्यांची बायको करते, आणि दोघांच्या वाट्याचं बोलणंही तीच उरकते. मी त्यांना वहिनी म्हणते.

हॉल पूर्वी नाटकांचा होता. खिडकी एक नाही, भिंती काळ्या, छत काळं आणि दोन मजले उंच. भर दुपारी आत शिरलं तरी विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. इथे छतावर फ्लॅश मारून उपयोग नाही. वर गेलेला प्रकाश परत येतच नाही. समोरून थेट मारला तर माणसं पोलिसांनी पकडल्यासारखी दिसतात. म्हणून मी दोन कोपऱ्यांत दोन उंच स्टँड उभे केले, त्यांवर एकेक मोठा फ्लॅश. माझ्या कॅमेऱ्यावरचा छोटा लुकलुकला, की मोठ्यांच्या पुढचा डोळा ते बघतो आणि तेही त्याच क्षणी उडतात. एक प्रकाश तोंडावर, एक मागून केसांवर. माणूस काळोखातून कसा सुटून पुढे येतो! मालक म्हणाले, ठीक. वहिनी म्हणाल्या, छानच, पण तुझ्या आधीची होती ना, तिचं काम बघायला हवं होतंस. झालं, पहिल्याच दिवशी माशी शिंकली.

गुरुवार, ६
बक्षीस समारंभ. बरेच फोटो चांगले, अकरा काळेकुट्ट. कारण लगेच कळलं. मी बटण दाबायच्या आधीच कुणीतरी फ्लॅश मारत होतं. माझे दिवे त्याला भुलून उडायचे, आणि माझी पाळी येईतो ते भरलेले नसायचे. पाहुणे कॅमेरे आणतात तिथे हे व्हायचंच. पण स्टँड मी ओढायचे, दिवे मी लावायचे आणि फोटो दुसऱ्याने काढायचे? आयत्या बिळावर नागोबा! खुर्च्यांच्या ओळींमधून फिरून बघितलं. कुणाकडेच फ्लॅश नव्हता.

सोमवार, १०
वहिनींनी माझ्या कार्डातले फोटो छापून टेबलावर पसरले होते. त्यातले नऊ असे, की मी बघतच राहिले. बक्षीस घेणाऱ्या म्हाताऱ्या शिक्षिकेचे भरून आलेले डोळे, कानाच्या पाळीवर प्रकाशाची बारीक कड. वहिनींनी पाठ थोपटली. हात बसला गं तुझा, म्हणाल्या.

ते मी काढलेले नाहीत. दिवे माझेच, पण काढलेत डावीकडच्या खांबाजवळून, आणि मी तिकडे फिरकलेही नव्हते. एका फोटोत तर मागे मीच आहे, पाठमोरी, कॅमेरा डोळ्याला लावून. तो मी गुपचूप पर्समध्ये टाकला.

खरं सांगायचं तर भीती नंतर वाटली. आधी पोटात दुखलं. इतकं चांगलं मला का नाही जमलं? कौतुक मात्र मुकाट्याने घेतलं.

गुरुवार, १३
दोन्ही दिव्यांच्या डोळ्यांवर काळी चिकटपट्टी लावली. आता कॅमेऱ्यावर रेडिओचा ट्रिगर, दिव्यांना बिनतारी इशारा देणारा. माझ्या कॅमेऱ्याशिवाय ते कुणाचं ऐकणार नाहीत. नाचाची स्पर्धा होती. मी कॅमेरा खाली धरून उभी होते आणि दिवे उडाले. मग लागोपाठ तीनदा. नाचणाऱ्या मुली डाव्या खांबाकडे बघून गोड हसल्या. माझ्याकडे एकदाही नाही.

गुरुवार, २०
आज छापून आलेल्यांपैकी चार फोटोंत मी. प्रत्येकात आधीपेक्षा जवळून. शेवटच्यात माझा गाल दिसतो. छान आलाय गाल. घरच्या फोटोंत नेहमी धाकटी बहीण मधोमध आणि कॅमेरा माझ्या हातात. ताई, तूच काढ ना, तुला जमतं. आमच्या अल्बममध्ये मी कुठेच नाही. आणि इथे कुणीतरी न सांगता —

पर्समधला आणि हे चारही वहिनींपुढे ठेवले. त्यांनी पाचही ओळीने लावून पाहिले. मग कपाटातून एक फोटो काढून आणला. माझ्या आधीच्या फोटोग्राफरचा. ती एकटीच हॉलमध्ये दिवे लावत होती, म्हणाल्या. दाराच्या फटीतून उजेड लखलखताना दिसला. आत गेलो तर स्टँड जागच्या जागी, कॅमेरा जमिनीवर, आणि ती नाही. आजतागायत नाही. कार्डात हा एकच फोटो: ती वळून बघतेय. आम्हाला वाटलं, तिच्याबरोबर संपलं असेल ते सगळं. शेजारी उभे असलेले मालक पहिल्यांदाच भडाभडा बोलले. समारंभ गेला खड्ड्यात, म्हणाले, तू घरी जा. वहिनी एवढंच म्हणत राहिल्या, दिवे उडाले तरी मागे वळू नकोस गं.

मी फोटोच बघत होते. चारचौघींसारखी बाई. पण कुणी इतकं निरखून पाहिलंय तिच्याकडे! मला तिचा हेवा वाटला. असं लिहायची लाज वाटते, पण वाटला.

बुधवार, २६
गेले नाही घरी. मला पक्कं व्हायचंय. उगाच कशाला खोटं — ते कारण नाही. झोप नाही. डोळे मिटले की तिचाच फोटो.

गुरुवार, २७, दुपार
दिवे लावायला आले. हॉल रिकामा. वहिनी दारापर्यंत आल्या, हात धरला, मी सोडवून घेतला.

दिवे उडाले.

बॅटऱ्या काढल्या. दोन्हींच्या. माझ्या खिशात आहेत, हाताला लागताहेत. तरी —

पुन्हा. पाठीवर ऊब जाणवली.

दार उघडं आहे. दहा पावलं. मी मात्र इथेच उभी, लिहितेय.

मागे पावलं वाजली. थांबली. घाई नाही. फोकस जुळवतंय कुणीतरी. तेवढा वेळ लागतोच.

जरा डावीकडे सरकले, म्हणजे कड नीट पडेल. केस कानामागे घेतले.

आधीचीपेक्षा माझा चांगला यायला हवा. तिची मान जरा ताठ होती. मी सावकाश वळेन. हनुवटी किंचित वर. ही वही बाजूला टाकायला हवी, नाहीतर फोटोत ये—