तळेगावहून नेलेला ठसा

लोणावळे,
ता. ९ मार्च १९३९

प्रिय अक्का,

तू अक्षर लावून लावून वाचतेस, म्हणून मोठे लिहिले आहे. घाई करू नकोस.

इथे दवाखान्यात आता कवळ्या घासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते करताना मला नेहमी आपले उर्से आठवते. आबा तळेगावच्या बाजारातून ऊस आणायचे. तू तो दातांनी सोलायचीस, पेर माझ्या हातात द्यायचीस आणि स्वतः साल चोखत बसायचीस. तिसऱ्या बाळंतपणानंतर तेच दात एकेक करून गेले.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात इथल्या डॉक्टरांनी तळेगावात तुझ्या हिरड्यांचा ठसा मेणात घेतला होता. त्यांना पुढे पुण्याला जायचे होते. ठसा डब्यात ओल्या फडक्यात ठेव, लोणावळ्याला पोचताच त्यात प्लास्टर भर, असे त्यांनी मला दोनदा बजावले. मेण उष्णतेने मऊ पडते, आणि ठसा केसभर हलला तरी कवळी बसत नाही. गाडीत डबा खडखडू लागला. ठशाला धक्का लागेल या भीतीने मी तो बाहेर काढला आणि पाखराचे पिल्लू धरावे तसा दोन्ही हातांत धरून बसलो. मळवलीला पाहिले, तर माझ्या हातांच्या उबेने त्याची एक कड तांदळाच्या दाण्याइतकी आत वळली होती. मी ती अंदाजाने बाहेर दाबली, इथे येऊन प्लास्टर भरले आणि कोणालाच सांगितले नाही.

कवळी तुला टोचली. डॉक्टर म्हणाले, हिरड्या आक्रसल्या असतील. तू उलट माझीच समजूत काढलीस, "दात लय ग्वाड हायती रं, माजंच त्वांड वाकडं." सगळे हसले. मीही हसलो.

परवा माझ्या साखरपुड्यात तू तोंडावर पदर धरून हसत होतीस. पंगत उठल्यावर कोपऱ्यात बसून दूधभात खाल्लास.

अक्का, तुझे तोंड वाकडे नाही. काल मी डॉक्टरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, तिला बोलाव. येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीने ये. ठसा इथेच घेऊ आणि तुझ्यासमोर लगेच भरू. प्लास्टर घट्ट होईपर्यंत मी त्याला बोटही लावणार नाही.

ऊस आणून ठेवतो. कवळीने तो सोलता येत नाही, हे आधीच सांगतो. सोलून मी देईन.

तुझाच,
महिपती