अकरा नावांचा तक्ता

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज चौसष्ट कारागिरांचे कान तपासले! शुक्रवारी लूम — कापडाचे यंत्रमाग — बंद, म्हणून कामतघरच्या चाळीच्या गच्चीवर एवढी माणसं मिळाली. सगळी अंजूर गावच्या केसरीनाथशेठच्या कारखान्यातली. कल्पना रियाची — माझ्या नववीतली. तिचे वडील दामू तिथेच जॉबर, बिघडलेले लूम चालू करून देतात. घरात हाक मारली तर वळत नाहीत, म्हणून पोरीने डोकं चालवलं. खोक्यात बझर, जमिनीवर खडूच्या रेघा, आणि माणसाने डोळे मिटून एकेक पाऊल मागे जायचं. अकरा जणांना एका पावलावरूनही ऐकू आलं नाही. दामू त्यातलाच. हसत होता.

"मॅडम, लूम की खटखट तो अब अंदर ही बजती है," एक म्हातारा कारागीर म्हणाला.

यंदा राज्यस्तरीय विज्ञान प्रदर्शन गाठणारच! एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतेय, तालुक्याच्या पुढे कधी गेले नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

शिक्षकांची कार्यशाळा. राज्यभर विज्ञान पोचवायचं, मुलांमधून संशोधक घडवायचे — भाषण फार लांबलं. एक वाक्य तेवढं घेऊन आले: "माहिती खरी वाटली पाहिजे." शाळेत आले आणि प्रकल्पाच्या तक्त्यावर लाल शाईने अकराही नावं लिहून काढली. पूर्ण नाव, वय, किती वर्षं लूमवर. रिया म्हणाली, "बाई, नावं कशाला?" मी म्हटलं, खरं लिहायला घाबरायचं कशाला!

१० डिसेंबर, मंगळवार

पहिला नंबर!! तालुक्यात पहिला! प्रदर्शन आमच्याच शाळेत होतं. मांडव केसरीनाथशेठचा, म्हणून फीतही त्यांच्याच हातून. आमच्या तक्त्यापाशी चांगली पाच मिनिटं थांबले. मोबाइलवर फोटो काढला. मी नुसती फुगले. म्हटलं, चला, अंजूरच्या शेठलाही विज्ञान कळायला लागलं!

१३ डिसेंबर, शुक्रवार

अकराही जणांना कामावरून काढलं. फोटोतली नावं वाचून. शेठ म्हणाला म्हणे, "बहिरा मानूस लूमन हात घालील, मंग पोलीस माज्या दारान येतील."

१६ डिसेंबर, सोमवार

दामू वर्गात घुसला. मी फळ्याकडे तोंड करून होते. वळले तर थोबाडीत बसली. चष्मा उडाला, नाकातलं रक्त साडीवर. चाळीस मुलं बघत होती. "माझे कान भिंतीवर टांगलेत, बाई! आता खायचं काय — तुमचं सायन्स?" केवढ्याने ओरडत होता! स्वतःचा आवाज कळत नसेल त्याला. बझरचं खोकं लाथा घालून चेचलं. रिया जागेवरून हलली नाही.

आमच्या मुख्याध्यापिका वैशालीताई म्हणाल्या, "तक्रार नको, शाळेचं नाव जाईल." मी इथे रक्त पुसतेय आणि यांना शाळेचं नाव!

१७ डिसेंबर, मंगळवार

गाल सुजलाय. तशीच रिक्षाने अंजूरला गेले. शेठ झोपाळ्यावर बसलेला. चहा दिला. मी म्हटलं, त्या माणसांना परत घ्या.

"तुमीच लिवला ना बाय? मी निस्ता वाचला." आणि हसला!

हातातला चहा कपासकट त्याच्या तोंडावर फेकला. त्याच्या माणसाने माझा हात मुरगळून फाटकाबाहेर ढकललं. दोन्ही गुडघे फुटले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

३ जानेवारी, शुक्रवार

जिल्ह्यातून निवड! राज्यस्तर! दामूचा विरोध असूनही रियाला तिची आई बकुळा घेऊन आली. "हिचं तरी काय चांगलं होऊ दे, बाई." रिया मान खाली घालूनच बोलली. परीक्षकांना नावं फार आवडली. घरी येऊन एकटीच नाचले.

१३ जानेवारी, सोमवार

शाळा सुटल्यावर रिया आली. "बाई, नावं काढा, नंबर टाका. पप्पांना कुठल्याच कारखान्यात घेत नाहीत. सगळ्या मालकांकडे तो फोटो गेलाय." मी म्हटलं, प्रकल्पाची नोंद झालीय, आता बदल चालत नाही. (मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.) तिने तक्ता भिंतीवरून ओढला आणि उभा फाडला. प्रदर्शन तोंडावर आलंय, आणि फाडला!

दिली एक ठेवून. सगळा हात. दामूने मला मारली त्याहून जोरात असेल. पोरगी बाकावर आपटली. रडली नाही. कान धरून थोडा वेळ बसली, मग दप्तर उचलून गेली. जाऊ दे. आम्ही काय शाळेत कमी मार खाल्ला?

१४ जानेवारी, मंगळवार

रिया आली नाही. नवा तक्ता केला — नावांसकट.

२० जानेवारी, सोमवार

रिया आज आली. मी हाक मारली तर भलतीकडेच बघायला लागली. स्वतः केलेला तक्ता टेबलावर ठेवला. नावांच्या जागी नंबर. 'कारण' या रकान्यात अकरा वेळा 'लूम'. खाली बारावी ओळ. तिथे मात्र नाव आहे: रिया. वय चौदा. डावा कान — एका पावलावरूनही नाही. कारण — कोरं.

"ते तुम्ही भरा, बाई."

उद्या तक्ता पाठवायचाय. मी अजून भरलेलं नाही.